परतीच्या पार्सलाचा शास्त्रोक्त विधी

ऑनलाइन विक्रीत माल पाठवणे हा विधीचा केवळ पूर्वार्ध असून, तो परत घेणे आणि त्याचे भाडे निमूटपणे भरणे हा उत्तरार्ध आहे, हे सिंधुदुर्गातील नवोदित विक्रेत्याने दुकानाचे खाते उघडण्यापूर्वीच ध्यानी घ्यावे. ही परंपरा जुनी आहे. किंमत वसूल करून मगच पार्सल हाती देण्याची टपालखात्याची 'व्ही. पी.' पद्धत भारतात १८७७ साली सुरू झाली, आणि दारात आलेली व्ही. पी. 'मालक घरात नाहीत' असे सांगून परतवण्याचा गृहस्थधर्मही त्याच सुमारास रूढ झाला असावा. आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'ने त्यात फोन न उचलण्याची तेवढी भर घातली आहे.

पार्सल न उघडता नाकारले गेल्यास त्याला 'आरटीओ', म्हणजे मूळ ठिकाणी परतवलेले पार्सल, म्हणतात; उघडून, हाताळून, शेजाऱ्यांचे मत घेऊन परत केल्यास ती ग्राहक-परती होय, आणि तिच्यात नेमके काय परत येईल हे सांगणे कठीण. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. परत आलेला संच पान न पान मोजून घ्यावा, कारण वामनाचा प्रधान ग्राहकाच्या सोफ्याखाली राहिला असेल, तर उरलेल्या ११९ पानांना गिऱ्हाईक मिळत नाही.

भाड्याचे गणित मात्र सावकाश समजून घ्यावे. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला बहुतेक कुरिअर ५००० ने भागतात. येणारा आकडा म्हणजे किलोतील घनमापी वजन, आणि ते तराजूवरच्या वजनाहून जास्त भरले की भाडे त्याचेच लागते. चितारआळीतील लाकडी फळांचा ९०० ग्रॅमचा संच ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात भरला, तर तो तीन किलोचा ठरतो. म्हणजे २ किलो १०० ग्रॅम सावंतवाडीची हवा विक्रेत्याच्या खर्चाने पुण्याला जाते, आणि संच नापसंत झाल्यास तितकीच पुण्याची हवा त्याच्याच खर्चाने सावंतवाडीला येते. खोके लहान घ्यावे, तर आंब्याचा देठ मोडतो आणि 'माल खराब' या कारणाने परती होतेच.

मालवणी खाज्यांचा विचार वेगळा. जुलैत ती कुरकुरीत निघाली, तरी जाऊन-येऊन सादळतात. परत आलेली खाजी पुन्हा विकण्याचा मोह आवरून ती घरातच चहाबरोबर संपवावीत आणि किंमत 'कर्मचारी कल्याण' या सदरात लिहावी.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार सदोष, वर्णनाशी न जुळणारा किंवा ठरल्या वेळेनंतर पोहोचलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत दैवी आपत्तीचा अपवाद असल्याने, करूळ घाटात दरड कोसळल्याच्या बातमीचे कात्रण दर पावसाळ्यात जपून ठेवावे. 'फोटोत रंग गडद दिसला होता' या तक्रारीवर मात्र घाटाचा इलाज चालत नाही.

एवढे झाल्यावर किंमत ठरवावी. समजा, एका फेरीचे भाडे ९० रुपये असून दहांपैकी दोन पार्सले परत येतात. त्या दोहोंच्या जाण्या-येण्याचे ३६० रुपये उरलेल्या आठ पार्सलांवर वाटले की प्रत्येकी ४५ रुपये पडतात. ही रक्कम, जाण्याच्या ९० रुपयांसह, वस्तूच्या किमतीत गुपचूप मिसळावी, म्हणजे माल ठेवून घेणारा सज्जन दोन अनोळखी माणसांच्या लहरीचा खर्च आनंदाने उचलतो. आणि त्याला तो जाणवू नये म्हणून किमतीखाली ठळक अक्षरांत 'घरपोच सेवा मोफत' असे छापावे.