वायर उपटून कॉम्प्युटर हमखास कसा पाडावा

घरोघरी पॉडकास्ट आणि गाण्याचे ऑनलाईन क्लास सुरू झाले, त्यासोबत माईक कॉम्प्युटरला जोडणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेसही आला. पण त्याची वायर काढताना कॉम्प्युटर शिस्तीत क्रॅश कसा करावा, हे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत. लोक नशिबावर विसंबून वायर ओढतात आणि कॉम्प्युटर चालूच राहिला की हिरमुसतात. विंडोजवाल्या अशा होतकरूंसाठी ही पद्धत. मॅकवर अनेक इंटरफेस ॲपलच्याच ड्रायव्हरवर चालतात. तिथे मेहनत जास्त पडते.

१. मुहूर्त गाठावा. आवाज चालू असताना आणि रेकॉर्डिंग सेव्ह केलेलं नसतानाच वायर ओढावी. यूएसबीवरून आवाजाचा डेटा ठरल्या ठेक्यात जातो: फुल स्पीडवर दर मिलिसेकंदाला, हाय स्पीडवर दर १२५ मायक्रोसेकंदांना. पाहुणा पानावरून उठून गेला तरी मठ्ठा ओततच राहणारा वाढपी असतो, तसा कच्चा ड्रायव्हर या ठेक्यात चालूच राहतो. आपल्याला तोच हवा आहे.

२. ड्रायव्हर मुरू द्यावा. इंटरफेस घेतला त्या वर्षीचा ड्रायव्हर बदलू नये. पूर्वी विकून टाकलेल्या इंटरफेसचे ड्रायव्हरही आठवण म्हणून जपावेत. विंडोज १० मध्ये २०१७ पासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा स्वतःचा ड्रायव्हर आहे. साधं काम त्यावर भागतं, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये. कंपन्यांचे ड्रायव्हर बहुधा कर्नेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातच चालतात. साधा प्रोग्रॅम चुकला तर एकटाच बंद पडतो. कर्नेलमधल्याने नको त्या मेमरीत हात घातला की विंडोज सगळा कारभारच थांबवते. यशाचं गमक इथेच आहे.

३. हब स्वस्तातला घ्यावा. त्याला वेगळा अडॅप्टर नसावा. इंटरफेस, वेबकॅम, हार्ड डिस्क आणि मोबाईलचं चार्जिंग, सगळं त्याच्याच गळ्यात घालावं. वीज वाचवण्यासाठी यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड चालू ठेवावं. पेंगणाऱ्या उपकरणाला ऐन वेळी उपटलं, तर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ हा मानाचा संदेश पदरात पडू शकतो.

४. फँटम पॉवर विसरावी. माईकचे ४८ व्होल्ट चालू आणि स्पीकर पूर्ण आवाजात ठेवून माईकची वायर आधी ओढावी. कॉम्प्युटर पडला नाही तरी त्या धडाक्याने शेजारी नक्की पडतील.

५. क्रॅशचा निळा पडदा आला की लाजू नये. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर, विंडोज ९८ च्या प्रात्यक्षिकात, स्कॅनर जोडताच हाच पडदा आला होता. त्यांनी जोडताना करून दाखवलं, आपण काढताना.

६. तपास मात्र करू नये. पडद्यावरच्या कोडचा फोटो काढू नये. विंडोजच्या फोल्डरात मिनीडंप नावाचं फोल्डर असतं. त्यातली फाईल ब्लूस्क्रीनव्ह्यूसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडली, तर संशयित ड्रायव्हरचं नाव बऱ्याचदा समोर येतं आणि सगळी रंगत जाते. त्यापेक्षा आधी नवी केबल घ्यावी, मग नवी रॅम. त्यानेही भागलं नाही, तर ‘फॉरमॅट मारून टाक’ सांगणारा भाचा प्रत्येक घराण्यात असतोच.

इतकं करूनही काही अरसिकांना कॉम्प्युटर चालूच हवा असतो. त्यांनी आधी रेकॉर्डिंग सेव्ह करून प्रोग्रॅम आणि ब्राउझर बंद करावेत, आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर वळवावा, फँटम पॉवर बंद करावी आणि मगच वायर काढावी. ‘सेफली रिमूव्ह’च्या यादीत इंटरफेस शोधत बसू नये, ती सोय मुख्यतः पेनड्राइव्ह आणि डिस्कसाठी आहे. तरीही पडलाच, तर डंपमध्ये सापडलेला ड्रायव्हर काढून कंपनीच्या साईटवरचा ताजा टाकावा, सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावं आणि हब सोडून इंटरफेस थेट कॉम्प्युटरला जोडावा.

आणि अपराधी वाटून घेऊ नये. चालू कॉम्प्युटरला जोडता-काढता यावं, हे यूएसबीचं १९९६ पासूनचं वचन आहे. वायर निघणार, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याने धरूनच चालायला हवं. तेव्हा कंपनीकडे तक्रार करा, आणि सोबत डंपची फाईल जोडायला विसरू नका.