लंडनच्या मित्राकडे कसे उतरावे

लंडनला हॉटेलात उतरणाऱ्यांनी ही नियमावली वाचू नये. ते पैसे देतात, त्यांना नियमांची गरज नाही. प्रस्तुत मार्गदर्शन मित्राच्या घरी, ‘बॉक्सरूम’ नावाच्या खोलीत, जिथे एका वेळी दार किंवा बॅग यांपैकी एकच पूर्ण उघडते, तिथे स्वखुशीने राहणाऱ्या सुस्थितीतील प्रौढ मराठी माणसांसाठी आहे.

अभ्यासासाठी निवडलेला यजमान मूळचा साताऱ्याचा असून बरीच वर्षे हॅरो येथे वास्तव्यास आहे. सोयीसाठी त्यास सातारकर म्हणू. लंडन हे शहर साताऱ्यावरून बेतले असून काही बाबतींत ते जमलेले नाही, असे त्याचे मत आहे.

सामान. “काही आणू नका, इथे सगळं मिळतं,” असे यजमान फोनवर सांगतो. यात खोटे काही नाही. वेंब्लीच्या ईलिंग रोडवर गेलात तर कारल्यापासून खाकऱ्यापर्यंत सगळे मिळते. तरीही हे वाक्य शब्दशः घेऊन रिकाम्या हाताने जाणारा पाहुणा पुन्हा बोलावला जात नाही. न्यायचे ते घरचे: भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचे पीठ. दिवाळी अंक जड होतात, पण न्यावेत. कंदी पेढे मात्र नेता येत नाहीत. भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. त्यात खवा आला, तूप आले, चक्काही आला. सातारकर कायद्याचा आदर करतो. तो फक्त विचारतो, “तू निघायच्या आधी खाल्लेस ना? कुठल्या दुकानातले? भाजलेले बरोबर होते?” या प्रश्नांची उत्तरे घाईने देऊ नयेत. माणूस जेवणाचे ताट बाजूला सारून ऐकत असतो.

स्नानगृह. हा या शास्त्राचा गाभा होय. इंग्लंडातल्या बाथरूमला जमीन असते, पण त्या जमिनीला उतार नसतो आणि जाळीही नसते. खाली सांडलेले पाणी कुठेही जात नाही. गेलेच तर खालच्या खोलीच्या छतातून दिवाणखान्यात जाते. म्हणून टबात उभे राहावे, पडदा टबाच्या आत सोडावा आणि हातवारे आवरते घ्यावेत. दिवा छतातून लोंबणाऱ्या दोरीने लागतो. शॉवरसाठी दुसरी दोरी असते. कोणती कशाची हे सातारकर प्रत्येक पाहुण्याला दोन्ही दोऱ्या ओढून दाखवतो. बेसिनला नळ दोन: एकातून उकळते पाणी येते, दुसऱ्यातून बर्फाचे. मधले पाणी हवे असल्यास ओंजळ एकीकडून दुसरीकडे वेगाने न्यावी.

बादली मागू नये. बादली आहे. ती बागेतल्या शेडमध्ये असते आणि दोन-तीन दिवसांनी वहिनी ती नवऱ्याच्या नकळत आणून देतात. कमोडशेजारी रोपांना पाणी घालायची हिरवी झारी दिसेल. घरात रोप एकही नाही. याविषयी कोणीही काही बोलत नाही, आपणही बोलू नये.

आणि स्नानगृहाचे हे व्याख्यान पाहुण्याला देतो कोण? तर आमच्या हॉस्टेलात ज्याने स्वतःची बादली कधी विकतच घेतली नाही, तो. माझी वापरायचा. परत करताना तळाशी साबण चिकटलेला असायचा. असो.

हीटिंग. थर्मोस्टॅटला हात लावू नये. थंडी वाजल्यास स्वेटर घालावा. तरीही वाजल्यास दुसरा घालावा.

फोडणी. आधी खिडकी, मग पंखा, मग स्वयंपाकघराचे दार बंद, मग मोहरी. क्रम चुकला की धुराचा अलार्म किंचाळतो आणि एकाने स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घालावा लागतो. हे काम पाहुण्याचे.

प्रवास. इथे क्षणभर गंभीर होतो, कारण यात पैसे वाचतात. प्रत्येकाकडे स्वतःचे कार्ड हवे. नवरा-बायकोत एक चालत नाही. सकाळी कार्ड टेकवले आणि संध्याकाळी तेच कार्ड फोनमधून टेकवले तर यंत्र त्यांना दोन वेगळी माणसे समजते. मग दिवसाच्या भाड्याला जी कमाल मर्यादा असते तिचा फायदा मिळत नाही, आणि ट्यूबमध्ये चढताना एक व उतरताना दुसरे टेकवले तर दंडासारखे भाडे कापले जाते. सकाळी साडेनऊनंतर निघावे, म्हणजे सकाळच्या गर्दीचे भाडे टळते. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहावे. डावीकडे उभे राहिल्यास मागचा माणूस ‘सॉरी’ म्हणतो, त्याचा अर्थ वेगळा असतो. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. बसचा सगळ्यात सुंदर नियम म्हणजे हॉपर: पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून एका तासाच्या आत कितीही बस बदला, भाडे एकदाच. सातारकराने आपले अर्धे आयुष्य या तासाभोवती बेतले आहे. दुकानात रांग लांबली की तो घड्याळ बघतो, तेव्हा त्याला उशीर झालेला नसतो. त्याचा तास चाललेला असतो.

हॅरोहून बेकर स्ट्रीटला जाताना तो सांगेल की ही मेट्रोपॉलिटन लाइन म्हणजे जगातली पहिली भुयारी रेल्वे. १८६३ साली पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन सुरू झाली, तीही वाफेच्या इंजिनावर, भुयारात धूर कोंडत. बेकर स्ट्रीटला उतरल्यावर त्या वेळचे विटांच्या कमानींचे फलाट दाखवेल. दर वेळी “काय सांगतोस!” म्हणावे.

स्थलदर्शन. “आम्ही नाही रे जात कधी,” हे यजमानाचे दुसरे वाक्य. खरेच जात नाहीत. पाहुणा आला की मात्र रजा टाकून, जेवणाचा डबा घेऊन, आपल्या आधी बूट घालून दारात उभे.

मोठ्या संग्रहालयांना मुळात तिकीट नाही, याचे महत्त्व मराठी माणसाला समजावून सांगावे लागते. तिकीट नाही म्हणजे पैसे वसूल करण्याची जबाबदारी नाही. नॅशनल गॅलरीत शिरावे, दोन चित्रांपुढे उभे राहावे, बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून पोळी-भाजी खावी. उरलेले उद्या. हॉटेलातल्या माणसाला हे जमत नाही. त्याला दिवसाला एक शहर संपवायचे असते.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचा विषय सातारकरासमोर जपून काढावा. तिथल्या वाघनखांचा अभिमान तो अनेक वर्षे मिरवत होता. जुलै २०२४ मध्ये त्या संग्रहालयाने ती तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्राला दिली आणि ती आधी कुठे ठेवली गेली? साताऱ्यात. तेव्हा सातारकर हॅरोत, वाघनखे साताऱ्यात. शाळेतल्या मित्रांनी तिथून त्याला फोटो पाठवले.

त्यापेक्षा प्रिमरोज हिलजवळ जावे. तिथे १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना इथे राहिले आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. दारातच सातारकर विचारतो, “आंबेडकरांचं शाळेत नाव कुठे घातलं होतं?” उत्तर आपल्याला ठाऊक असले तरी त्याला देऊ द्यावे. ७ नोव्हेंबर १९००, साताऱ्याची सरकारी शाळा. नंतर टेकडीवर बसून अख्खे लंडन पाहावे, फुकट. परतताना चोवीस नंबरची बस मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढची जागा धरावी. कॅम्डन, ट्रॅफल्गर चौक, पार्लमेंट, सगळे काचेपुढे सरकत येते. या जागेसाठी पन्नाशीचे दोन गृहस्थ दहा वर्षांच्या इंग्रज मुलाशी शर्यत लावू शकतात, आणि लावतात.

मुक्कामाचा कालावधी. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षे तिथेच राहिले. हा दाखला यजमान स्वतःच देतो. तो निमंत्रण समजू नये. जूनमध्ये मात्र निघायची तारीख ठरवणे अवघड जाते. रात्री नऊलाही ऊन असते, मागच्या बागेत कपडे वाळत असतात, वहिनी भजी तळतात (खिडकी उघडी, दार बंद), आणि उद्या निळा डबा बाहेर ठेवायचा की तपकिरी यावर दोघांचे रंगलेले असते. त्यात भाग घ्यावा. डबे ओढत फाटकापर्यंत नेऊन ठेवावेत. शेजारचे आजोबा हवेबद्दल दोन शब्द बोलतील, त्यांच्याशी सहमत व्हावे. मला विचाराल तर टॉवर ब्रिजपेक्षा मी याच गल्लीसाठी जातो.

प्रस्थान. पलंगावरच्या चादरी काढून घडी करून ठेवाव्यात. वहिनी “अहो, राहू द्या” म्हणतील. राहू देऊ नये.

हीथ्रोला गाडीने सोडायचे तर टर्मिनलच्या दाराशी थांबण्याचे पैसे पडतात, तेव्हा सातारकर बसने सोडायला येतो. हॅरोहून एसएल-नाइन थेट जाते. बॅग तोच ओढतो, आणि वाटेत हॉस्टेलातल्या सगळ्यांच्या तब्येती, गुडघे, मुलांची लग्ने यांचा आढावा घेतो. बस विमानतळाच्या थांब्याला लागेपर्यंत तो एकदाही घड्याळ बघत नाही. मग एकदम बघतो. टर्मिनलच्या आत तो येणार नाही, त्याला आग्रहही करू नये. “पोचलास की फोन कर,” असे ओरडत तो रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्याकडे पळत सुटलेला असतो. तास संपायला सहा मिनिटे उरलेली असतात.