पक्षिनिरीक्षण: साहित्य आणि कृती

नवशिक्या पक्षिनिरीक्षकाची पहिली तक्रार एकच असते, पक्षी बसत नाही. दुर्बीण डोळ्यांना लावून, चाक फिरवून, धूसर हिरव्यातून फांदी सापडेपर्यंत ती फांदी नुसतीच हलत असते. शेजारचा जाणकार तेवढ्यात शांतपणे सांगतो, "गेला. नाचण होता." आपण मान डोलावतो आणि वहीत 'नाचण' लिहून टाकतो. या पापाकडे आपण शेवटी येऊ.

दीडशे वर्षांपूर्वीच्या पक्षितज्ज्ञांनी या तक्रारीवर जालीम उपाय काढला होता. पक्ष्याला आधी मारायचं, मग दिव्याखाली बसून निवांत ओळखायचं. खालची कृती त्याच घराण्यातली आहे. मात्र १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून बंदूक आणि दुसरी पायरी नुसती वाचून सोडून द्यायची आहे. हौसेने करून पाहिल्यास पुढचं निरीक्षण गजांआडून करावं लागेल.

साहित्य: फिरतीची सरकारी नोकरी, १. बारीक छर्ऱ्यांची बंदूक, १. धारदार चाकू आणि चिमटा. सोमल घातलेला साबण, बेताने. कापूस, मूठभर. लाकडाचा भुसा, रक्त टिपण्यापुरता. सुईदोरा. आणि जाड कागदाची बोटभर चिठ्ठी, १. बाकी साहित्य कमीजास्त झालं तरी चालेल, चिठ्ठीला पर्याय नाही.

पायरी पहिली: नोकरी धरा

पक्ष्यांचा पगार कोणी देत नाही, म्हणून पगार दुसऱ्या कशाचा तरी घ्यावा. कर्नल साइक्स यांना मुंबई सरकारने दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं होतं. गावं, पिकं, माणसं मोजता मोजता त्यांनी पक्षीही मोजले आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. जेम्स डेव्हिडसन खानदेशात मुलकी अधिकारी होते. दिवसा सारा, सकाळ-संध्याकाळ पाखरं. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम तर थेट हिंदुस्थान सरकारचे सचिव. त्यांनी सिमल्याच्या बंगल्यात पक्ष्यांचं संग्रहालयच थाटलं आणि १८७२ पासून 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक चालवलं. देशभरचे जंगल अधिकारी, डॉक्टर, फौजदार त्यांना पार्सलं पाठवत. टपालखात्याने तेव्हा काय काय वास सोसले असतील, याची नोंद कुठे नाही.

पायरी दुसरी: पक्षी भरा

पोटावर उभी चीर द्यावी आणि कातडं मोज्यासारखं उलटं सोलावं. कवटी, पंखांची आणि पायांची हाडं आत राहू द्यावीत, बाकी सगळं काढावं. आतून सोमलाचा साबण फासावा, म्हणजे कसर लागत नाही. (जुन्या संग्रहालयांत पक्ष्यांना हात लावताना आजही हातमोजे घालतात ते याच साबणामुळे. पक्षी मेला, सोलणारा मेला, साबण अजून जागा आहे.) कापूस भरून शिवून टाकावा, पंख मिटवावेत, पाय एकमेकांवर बांधावेत. काचेचे डोळे लावून फांदीवर बसवलेले पक्षी दिवाणखान्यासाठी असतात. अभ्यासाचा पक्षी खणात उताणा झोपतो आणि डोळ्यांच्या जागी त्याला पांढरा कापूस दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला शवागारात आल्यासारखं वाटतं. ते वाटणं बरोबर आहे.

पायरी तिसरी: चिठ्ठी बांधा

खरी कृती इथे सुरू होते. पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर लिहा: कुठे मिळाला, कधी मिळाला, नर की मादी, कोणी मिळवला. चार ओळी पुरेत. पक्षी वर्षानुवर्षं फिका होत जातो, चिठ्ठी मात्र दरवर्षी मौल्यवान होते. त्या काळी तिथे रान होतं आणि रानात हा पक्षी होता, याचा पुरावा तीच. चिठ्ठी गळून पडली तर उरतो तो पिसांचा जुडगा. शेतात बुजगावण्याला लावायलाही तो कमी पडेल.

पायरी चौथी: रद्दीपासून जपा

पिसांना कसर लागते, कागदाला नोकर. हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून ह्यूम यांनी वर्षानुवर्षं टिपणं जमवली होती. ते बाहेर असताना घरच्या नोकराने ती गठ्ठ्यागठ्ठ्याने सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावात विकली. कोणत्या दुकानदाराने कोणता गरुड कशाच्या पुडीत बांधून दिला, देव जाणे. ह्यूम यांचं मन उडालं ते उडालंच. १८८५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो नीट बांधून न्यायला तिथले पक्षितज्ज्ञ बाउडलर शार्प स्वतः सिमल्याला आले. नमुने होते ऐंशी हजारांच्या घरात. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यामागेही हेच ह्यूम होते. पुढे त्यांनी शिकार आणि मांसाहार दोन्ही सोडलं. नवशिक्यांनी यातून एवढंच घ्यावं, की वही घरी ठेवताना रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी ठेवू नये.

पायरी पाचवी: संस्था काढा, जागा मिळेल तिथे

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढली. त्यांतले दोघे आपले: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन यांची ओळख आपल्याला बहुतेक वेळा रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून होते. वनस्पतींवरचा त्यांचा व्यासंग मागेच राहतो. पहिल्या बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात झाल्या, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात. पण थोड्याच महिन्यांत बिऱ्हाड हललं ते फोर्ब्स स्ट्रीटवर, फिप्सन नावाच्या दारूविक्रेत्याच्या दुकानात. बरं वाटावं म्हणून दारूच्या दुकानात गेलेली मंडळी मी पाहिली आहेत, पण शास्त्र तिथे बाळसं धरताना दिसण्याची ही एकच वेळ. १८९४ मध्ये तिथे विल्यम नावाचा धनेश, म्हणजे हॉर्नबिल, राहायला आला आणि १९२० पर्यंत, म्हणजे तब्बल सव्वीस वर्षं, कार्यालयातच राहिला. आज संस्थेच्या इमारतीचं नाव हॉर्नबिल हाउस आहे ते त्याच्यामुळे. एवढी दीर्घ सेवा करून निवृत्तिवेतन न घेणारा मुंबईतला तो बहुधा एकमेव कर्मचारी.

पायरी सहावी: शंका घेऊन येणाऱ्या पोराला हाकलू नका

१९०८ च्या सुमारास खेतवाडीतल्या एका मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खायला चालेल का, इथपासून शंका सुरू झाली आणि मामांनी त्याला चिठ्ठी देऊन सोसायटीत पाठवलं. मानद सचिव मिलार्ड यांनी नुसतं उत्तर सांगून त्याला वाटेला लावलं नाही. खणामागून खण उघडून भरलेले पक्षी दाखवले. मुलाचं नाव सालिम अली. तिथेच तो पक्षी सोलायला, भरायला, चिठ्ठी बांधायला शिकला. १९४१ मध्ये त्याचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि तेव्हापासून माणसं पक्षी झाडावरच ओळखू लागली. बंदुकीची गरज संपवणारा माणूस बंदूक घेऊनच आत आला होता.

पायरी सातवी: चोरी करायची असल्यास

ही पायरी प्रगत विद्यार्थ्यांसाठी आहे. इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात आज ह्यूम यांचे पक्षी आहेत. तिथून २००९ मध्ये एका बासरीच्या विद्यार्थ्याने खिडकी फोडून २९९ पक्षी सुटकेसमधून पळवले. मासे पकडायच्या गळावर रंगीत पिसांची माशी बांधण्याची हौस असते, त्यासाठी. बरेच पक्षी परत मिळाले, पण कित्येकांच्या चिठ्ठ्या तोडलेल्या होत्या. पक्षी परत आला, पत्ता गेला.

पण हा चोर कच्चाच. खरा उस्ताद ब्रिटिश पक्षितज्ज्ञ कर्नल रिचर्ड माइनर्ट्सहागेन. त्याने पक्षी चोरले आणि वर चिठ्ठ्याही नव्या लिहिल्या.

याचा फटका आपल्या खानदेशाला कसा बसला ते पाहा. गावोगावी, चिंचेच्या ढोलीत राहतो तो पिंगळा तुम्हाला ठाऊक आहे. त्याची भाषा समजते म्हणणारा पिंगळा जोशी पहाटे कंदील घेऊन दारी यायचा, आणि चिठ्ठीबिठ्ठी न लिहिता घराण्याचं भविष्य सांगायचा. याच पक्ष्याचा रानातला भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंजे दणकट, आणि घुबडाच्या कुळात जन्मूनही दिवसाढवळ्या उघड्यावर बसायची सवय. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. सगळ्या जगात मिळून नमुने सात, त्यांतले बरेचसे खानदेशातून डेव्हिडसन यांनी पाठवलेले. १८८४ नंतर तो कोणालाच दिसला नाही. नंतरची एकच नोंद होती: १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात, मिळवणारा माइनर्ट्सहागेन. शोधणारे या चिठ्ठीच्या भरवशावर तिकडे गेले आणि हात हलवत परत आले.

पायरी आठवी: चिठ्ठीवर विश्वास ठेवा, पण तपासून

१९९० च्या दशकात पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी माइनर्ट्सहागेनचा संग्रह तपासायला घेतला. क्ष-किरणांखाली आणि भिंगाखाली दिसलं की मांडवीचा रानपिंगळा एकदा उसवून पुन्हा भरलेला आहे. पण हाताचं वळण लपत नाही. पहिल्या भरण्याच्या खुणा होत्या त्या डेव्हिडसन यांच्या पद्धतीच्या. चोरलेला पक्षी खानदेशचा होता, पत्ता तेवढा गुजरातचा. मग खोटी चिठ्ठी बाजूला सारून त्यांनी खऱ्या चिठ्ठ्या हाती घेतल्या. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासह त्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी रानपिंगळा उघड्या झाडावर बसलेला होता, एकशे तेरा वर्षांनी, आणि उन्हं खात. नंतर तो मेळघाटात, यावलला आणि मुंबईच्या उशाशी तानसा अभयारण्यातही सापडला. हरवला होता तो पत्ता. स्थानिक पावरा-भिल्लांना कोणी नीट विचारलं असतं, तर त्यांनी कदाचित झाडही दाखवलं असतं.

पायरी नववी: तुमची पाळी

बंदूक गेली, सोमल गेला, कापूस गेला. मूळ साहित्यातली एकच वस्तू तुमच्या हाती उरली आहे, आणि तिच्यावर तुम्ही नाचण न बघता 'नाचण' लिहिलंत.

मीही लिहिलंय. सातपुड्यातल्या एका पहाटे धुक्यात सागाच्या फांदीवर मला रानपिंगळा दिसला. वहीत तारीख, ठिकाण, '७.१०, एक, स्थिर' अशी नोंद केली. वीस मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत होतो. त्याच्या संयमाचं मला फार कौतुक वाटलं. मग वारा सुटला आणि रानपिंगळा गिरक्या घेत खाली आला. सागाचं वाळकं, दुमडलेलं पान होतं. सोबतचा मित्र म्हणाला, "पान फाडून टाक, कोण बघतंय?" कुठलं पान, ते त्याने सांगितलं नाही. मी 'रानपिंगळा' वर आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिलं: 'सागाचं पान. ७.३०.' ती नोंद अजून वहीत आहे. ठिकाण बरोबर आहे, तारीख बरोबर आहे.