काचेपलीकडच्या साहेबांना, बार्शीटाकळीहून

माननीय व्हिसा अधिकारी साहेब,
अमेरिका सरकार, मुक्काम वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.



आमचं पोट्टं पुढच्या महिन्यात तुमच्या खिडकीपुढे उभं राहणार आहे. एम.एस. करायला तुमच्या देशात जायचं म्हणते. तुम्ही त्याला दोन-तीन मिनिटं द्याल, असं अकोल्याच्या कन्सल्टन्सीवाल्यानं सांगितलं. तेवढ्यात आमच्याकडे चहाला आधणही येत नाही, म्हणून बाकीचं मीच आधी कळवतो.

तुमच्या 1952 च्या कायद्यात 214(ब) नावाचं कलम आहे म्हणे. खिडकीपुढे आलेला प्रत्येक जण कायमचं राहायलाच निघालाय असं तुम्ही धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्यानं तुम्हाला पटवायचं. तर परत येण्याचा पुरावा म्हणून सातबारा जोडला आहे. साडेचार एकर, कोरडवाहू, कापूस आणि तूर.

ही जमीन मोठी गुणी आहे साहेब. सीएच्या दाखल्यात ती लाखांची आहे. तीच बँकेत नेली की शून्य होते. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागते, आणि 2002 च्या सरफेसी कायद्याचं कलम 31 शेतजमिनीला हात लावू देत नाही. जी जप्त करून विकता येत नाही ती तारण म्हणून काय कामाची, असं मॅनेजर म्हणाले. कायदा शेतकऱ्याच्या भल्याचाच असल्यामुळे त्यावर रागावताही येत नाही. शेवटी मामाचा अकोल्यातला एन.ए. प्लॉट गहाण गेला. तेव्हापासून मामी पोट्ट्याच्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच करते.

त्याच मॅनेजरांनी विचारलं होतं, “तिकडं नोकरी लागेल ना? डॉलर कमावले तरच हप्ते फिटतील.” पोट्टं म्हणालं, “हो सर, नक्की.” तुम्ही विचाराल, “शिकून परत जाणार ना?” पोट्टं म्हणेल, “हो सर, नक्की.” दोन्हीकडे खरंच बोलायचं, हा त्याचा सध्याचा मुख्य अभ्यास. बरं, यात चोरून-लपून काही नाही. शिक्षण झाल्यावर वर्षभर, आणि विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वर 24 महिने, तिथं काम करायची मुभा तुमच्याच नियमांत आहे. फक्त खिडकीपुढे ते फार हौसेनं सांगायचं नाही, असं कन्सल्टन्सीवाल्याचं मत.

तालीम रोज संध्याकाळी ओट्यावर चालते. साहेब होतात त्याचे मोठे बाबा. त्यांनी जन्मात मुंबई पाहिली नाही, पण उभा जन्म सोसायटीचे गटसचिव होते. कागद न पाहता माणूस परत पाठवायचा सराव आहे. “काहून जातं बे अमेरिकेले? अकोल्यात कॉलेज नाई का?” तुमचाही प्रश्न इंग्रजीत हाच असतो म्हणतात.

2025 च्या जूनपासून तुम्ही विद्यार्थ्यांना सोशल मीडियाची खाती सगळ्यांना खुली करायला लावलीत. केली. त्यात पोळ्याच्या बैलांचे फोटो आहेत, आणि एका वाढदिवसाच्या बॅनरवर पोट्टं गॉगल घालून उभं आहे, खाली ‘किंगमेकर’ लिहिलंय. कृपया यात राजकीय हेतू शोधू नये. आमच्याकडे असं बॅनर कोणाचंही लागते.

परत येणाऱ्यांचा दाखला हवा असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख घ्या. 1920 साली शेतकऱ्याचं पोरगं विलायतेला गेलं, बॅरिस्टर झालं, ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली आणि परत आलं. 1932 मध्ये त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढे देशाचे कृषिमंत्री झाले, 1959 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, आणि त्याला तुमचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. एका परतलेल्या वऱ्हाड्यानं तुमच्या राष्ट्राध्यक्षाला इकडे आणलं, हे फाइलला लावून घ्यावं. अर्थात, त्यांच्याच संस्थेच्या अकोल्यातल्या कॉलेजात शिकून आमचं पोट्टं बाहेर निघालंय, हेही लपवत नाही.

आणि उलट बाजूचाही दाखला आहे. गाजरगवत. 1955 च्या सुमारास ते पहिल्यांदा पुण्यात नजरेत आलं. तुमच्याकडच्या गव्हासोबत आलं असं सांगतात. त्याला कोणी खिडकीपुढे उभं केलं नाही, बँकेचं स्टेटमेंट मागितलं नाही, परत कधी जाणार हेही विचारलं नाही. माझ्या धुऱ्यावर तर ते आता मतदार यादीत नाव लावायच्या बेतात आहे. आम्ही मात्र त्यावरून अमेरिकेतून येणाऱ्या प्रत्येकाबद्दल काही धरून चालत नाही.

बाकी तयारी ठीक. दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलो. त्यातल्या एकीत आईनं कुकर, तिखट, जवसाची चटणी आणि मुंगवड्या भरल्या. पुस्तकं मोबाइलमध्ये असतात असं तिला कोणीतरी सांगितलंय. पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या पोट्ट्यासाठी बर्फातला कोट आणला. मे महिन्यात तो घालून पाहताना त्याला भोवळ आली.

पत्त्याबद्दल शंका नसावी. गावातल्या कालंका देवीच्या मंदिरात शके 1098 चा शिलालेख आहे. तेव्हापासून आम्ही कुठं गेलो नाही.

अर्जाचे 185 डॉलर भरले आहेत. नाही म्हणालात तरी ते परत मिळत नाहीत, हे समजलं. न उगवलेल्या बियाण्याचे पैसे आम्हालाही कधी परत मिळाले नाहीत, त्यामुळे फार जड गेलं नाही.

आपला,
एक बाप

ता. क. : पोट्टं परत येणार, हे तुमच्याजवळच ठेवा. बँकेतून फोन आला तर तिकडंच नोकरी करणार आहे असं सांगा.