अंगात शिरलेला इस्तो

अमरावतीजवळच्या वलगावचा माणूस सुईला भितो असं कोणी म्हणू नये. तापाला नुसत्या गोळ्या लिहून दिल्या, तर तो दवाखान्यातून उठतच नाही. "एक सुई टोचा ना साहेब, गोळ्यानं काय होते?" तोच गडी अमरावतीला सीटी स्कॅनच्या टेबलावर आडवा झाला आणि कोणी म्हणालं, "काका, डाय टोचावा लागेल," की त्याचा चेहरा पडतो. "आता हे कायले?"

प्रश्न रास्त आहे. गावातली सुई बरं करते. ही नुसतं पाहायला मदत करते. डायमधलं आयोडीन क्ष-किरण अडवतं, म्हणून रक्तवाहिन्या पांढऱ्याशुभ्र उठून दिसतात. क्ष-किरणांचा शोध नोव्हेंबर १८९५ चा. पुढच्याच जानेवारीत व्हिएन्नात एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत द्रव भरून पहिलं चित्र काढलं गेलं. त्या हाताची काही तक्रार नव्हती. तक्रारी जिवंत माणसांपासून सुरू झाल्या.

जुने डाय रक्तापेक्षा फार तीव्र असत, आणि टोचले की आग आग होई. टॉर्स्टन अल्मेन या स्वीडिश डॉक्टरच्या लक्षात आलं, की स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याच्या खारट समुद्रात डोळे चुरचुरतात, बाल्टिकच्या मचूळ पाण्यात नाही. मग डायही रक्ताच्या जवळचा का असू नये? त्याची ही कल्पना १९६९ मध्ये छापून आली आणि पुढे आजचे सौम्य डाय आले.

सौम्य झाले तरी ऊब राहिलीच. मशीन औषध ढकलतं, घशात ऊब चढते, तोंडाला लोखंडाची चव येते आणि ऊब ओटीपोटात उतरते. तिथे भलताच संशय येतो.

"आंगात इस्तो शिरल्यावानी झालं रे पोरा! धोतर ओलं झालं का?"

"नाही बाबा, कोरडंच हाय. सगळ्यायले तसंच वाटते."

उठताना म्हातारा चादर चाचपून पाहतोच.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे नेत असताना गाडगेबाबा याच वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी वारले. रोग्याच्या सोबत्यालाही टेकायला जागा लागते, हे ओळखून त्यांनी मुंबईत धर्मशाळा बांधल्या होत्या. स्कॅनच्या खोलीत मात्र सोबत्याला थांबता येत नाही. तिथे रोग्याला टेकायला एक वाक्यच असतं: "आता गरम वाटेल, घाबरू नका." हे वाक्य सुई टोचण्याआधी आलं तर धीर देतं, नंतर आलं तर नुसती सारवासारव ठरते.

तेव्हा स्कॅनला जाताना किडनीचा त्रास, साखरेच्या गोळ्या, आधी कधी डायनं उठलेल्या गांधी, काही लपवू नका. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट सोबत ठेवा. आणि मशीनवरच्या पोराला खुशाल विचारा, "कुठं कुठं गरम लागन रे बाबू?" त्यानं नाही सांगितलं, तर पुन्हा विचारा.