भाऊंची आठवी

मुलगा सातवी पास झाला त्या दिवसापासून भाऊ हायस्कूलला जाऊ लागले. शाळेला तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती, मंचेरियलचा पारा पंचेचाळिशीला टेकला होता आणि चिरंजीव कूलरपुढे पालथे पडून मोबाईलवर क्रिकेट पाहत होते. भाऊंच्या हायस्कूलला त्याने काही फरक पडला नाही.

हे भाऊ कोण, असे विचारू नका. श्रीरामपूरपासून सीसीसी नसपूरपर्यंत सिंगरेणी कोळसा कंपनीच्या ज्या क्वार्टर्स आहेत, तिथे मराठी घर शोधा, भाऊ सापडतील. चिरंजीवांचे आजोबा राजुऱ्याकडून कोळशाच्या मागे आलेले. राजुरा तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे आपण परमुलखात आलो असे आजोबांना कधी वाटलेच नाही. नातू मात्र जागेवर बसून प्रवास करतो आहे. चिरंजीव जन्मले आंध्र प्रदेशात. 2014 च्या जूनमध्ये पाळण्यातून उतरून पळायला लागले तेव्हा तेलंगणात होते. 2016 च्या दसऱ्याला आदिलाबाद जिल्ह्यातून मंचेरियल जिल्ह्यात गेले. क्वार्टर तेच, मोरी तीच, मोरीतली गळतीही तीच.

भाऊ खाणीत मायनिंग सरदार आहेत. पाळी सुरू होण्याआधी हा माणूस कामाची जागा तपासतो. काठीने छत ठोकून पाहतो. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर माणसे आत सोडायची नाहीत. गॅस आहे का पाहतो, वारा खेळतो का पाहतो, आणि शेवटी सगळे रजिस्टरमध्ये लिहून खाली सही करतो. ही नोकरी वीस-बावीस वर्षे केल्यावर माणूस भाजी घेतानाही भोपळा ठोकून पाहतो. मग मुलाला हायस्कूलमध्ये सोडताना काय करेल?

पहिल्या शाळेत गेले तेव्हा भाऊंनी आधी वर पाहिले. ही शाळा म्हणजे बाहेर मोठा फ्लेक्स, फ्लेक्सवर मागच्या वर्षीच्या मुलांचे पासपोर्ट फोटो, आत गारेगार ऑफिस आणि आठवीपासून आयआयटी फाउंडेशन. प्रिन्सिपॉल फीचा तक्ता काढेपर्यंत भाऊंनी छत्रीच्या टोकाने छत ठोकले. पोकळ आवाज आला.

"सार, ते फॉल्स सीलिंग आहे," पीआरओ म्हणाला.

"तेच म्हणतो मी," भाऊ म्हणाले आणि उठले.

दुसरी शाळा कापडाच्या दुकानाच्या वर होती. तिथे भाऊंनी जिने मोजले. एकच निघाला. खाणीला बाहेर पडायचे दोन मार्ग असावेच लागतात, तो कायदा आहे. त्यांनी विचारले, "दुसरा रस्ता?" पीआरओला वाटले हप्त्यांबद्दल विचारत आहेत. तो म्हणाला, "तीन टर्ममध्ये भरा ना सार." त्या रात्री भाऊंच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली: 'निर्गम मार्ग 1. हप्ते 3. गॅस भरपूर.'

या पीआरओंबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या घरी सातवीचे पोर आहे हे पोस्टमनला माहीत नसेल, पण पीआरओला असते. भर दुपारी दोन-दोनच्या जोडीने ते कॉलनीत फिरतात. त्यात कित्येकदा त्याच शाळेतले मास्तर असतात, ॲडमिशनचे टार्गेट गळ्यात बांधून उन्हात सोडलेले. वहिनी त्यांना ताक देतात आणि नंबर चुकीचा देतात. मग जून लागला की सरकारी शाळेचे मास्तर 'बडि बाट' ही पटनोंदणीची मोहीम घेऊन येतात. तेही दारोदार, तेही उन्हात. पण यांच्याकडे फ्लेक्स नसतो, फी नसते, आणि हे शिक्षकभरतीची डीएससी पास होऊन लागलेले असतात, म्हणजे त्यांची स्वतःची परीक्षा झालेली असते.

अशातच चंद्रपूरहून वहिनींचे भाऊ आले. ते आल्याशिवाय कुठल्याही मराठी घरातला निर्णय बिघडत नाही. "पोराची मराठी बुडून राहिली, दाजी. कालपासून पाहतो, मला 'मामय्या' म्हणून राहिला. चंद्रपूरला टाका याला. आजी आहे, मी आहे."

भाऊंनी रजिस्टर उघडले. त्यांची खरी ताकद इथे दिसते. मीसेवा केंद्राच्या बाकावर बसून त्यांनी जेवढे जीओ, म्हणजे सरकारी आदेश, ऐकले आहेत तेवढे सचिवालयातल्या माणसाने वाचले नसतील. "भाऊजी, 2018 चा राष्ट्रपतींचा आदेश. पहिली ते सातवीपैकी किमान 4 वर्षे ज्या जिल्ह्यात शिकला, तिथला तो लोकल. नोकरीला तेच धरतात. ते आपले झाले. आता जीओ 33, जुलै 2024. डॉक्टर व्हायचे असेल तर नववी ते बारावी तेलंगणातच. एक वर्ष बाहेर गेला की नॉन-लोकल."

मेहुण्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे एक ते सात सरकारचे, नऊ ते बारा सरकारचे. मग आठवी?"

घरात शांतता पसरली. खरेच, दोन आदेशांच्या मध्ये आठवी तेवढी बेवारस पडली होती. उभ्या जन्मात मुलगा फक्त या एका वर्षी कुठेही शिकायला मोकळा होता. मेहुणे म्हणाले, "मग आठवी चंद्रपूरला करू द्या. बल्लारशाच्या गाडीत बसवतो, मे महिन्यात परत पाठवतो." भाऊंनाही क्षणभर पटले. पटले नाही ते वहिनींना. सिंगरेणीत 51 टक्के वाटा राज्याचा आणि 49 टक्के केंद्राचा आहे. भाऊंच्या घरातही वाटणी तशीच आहे. 51 टक्के कोणाकडे, हे भाऊंना अजून कुणी सांगितलेले नाही. वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "कुठी नाही जात तो."

शाळेचा निकाल शेवटी चिरंजीवांनी लावला. भाऊंच्या रजिस्टरची पाने भरत आली होती, तुलनेचे तक्ते काढून झाले होते, तेव्हा ते कूलरपुढून उठले आणि म्हणाले, "मी झेडपी हायस्कूलला जातो. सगळे तिकडेच चालले." भाऊंनी दुसऱ्या दिवशी जाऊन ते हायस्कूल पाहिले. छत भरीव, फाटके दोन, खिडक्या एवढ्या मोठ्या की मास्तरचा आवाज रस्त्यावर यावा. बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "राजेहो, खूप विचार करून झेडपी ठरवलं."

आता तयारी. भाऊंच्या मते मुलाचे हायस्कूल अवघड जाते ते पालक बेसावध असल्यामुळे. त्यांनी आठवीची पुस्तके आधीच मिळवली आणि पहिला धक्का त्यांना बसला: आठवीपासून विज्ञानाची पुस्तके दोन होतात, फिजिकल सायन्स वेगळे, बायोलॉजी वेगळे. भाऊ आठवडाभर फिजिकल सायन्स घेऊन बसले. घर्षणाचा धडा त्यांना मनापासून आवडला; लेखकाला खाणीचा अनुभव नाही, असा शेरा त्यांनी पेन्सिलीने मार्जिनमध्ये मारला.

दुसरा धक्का तेलुगूचा. तेलंगणाने 2018 साली कायदा करून शाळांत तेलुगू सक्तीची केली, आणि ती आधी लागू झाली पहिलीला आणि सहावीला. त्या वर्षी पहिलीत कोण होते? चिरंजीव. त्यामुळे पोरगा तेलुगू वर्तमानपत्र धडाधड वाचतो. भाऊंचे तेलुगू खाणीतले, बोलायला फर्डे. पण अक्षर आले की खांब. शाळेतून आलेली सूचना मुलानेच वाचून दाखवायची आणि बापाने मान डोलवायची, असा शिरस्ता. परिणामी शाळेच्या सूचनांमध्ये पालकांना त्रासदायक असे काही कधी येतच नाही. सहावीच्या वर्षात एकाही पालकसभेची सूचना आली नव्हती, यात भाऊंना शाळेचा हलगर्जीपणा दिसतो.

आठवीच्या नावनोंदणीला भाऊ मुलासोबत गेले. टीसी, आधार, बोनाफाईड, सातवीचे प्रगतिपत्रक, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, वर प्रथमोपचाराची पेटी. (मायनिंग सरदाराला प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागतेच, ते वाया का घालवा?) मॅडमनी मुलाला नाव विचारले. भाऊंनी सांगितले. आवडता विषय विचारला. भाऊ म्हणाले, मॅथ्स. मोठेपणी काय होणार? भाऊंनी पवित्रा घेऊन तोंड उघडले तोच मॅडम म्हणाल्या, "मीरु आगंडि सार." तुम्ही थांबा. मग मुलाने मॅडमशी सरळ तेलुगूत पाच मिनिटे गप्पा मारल्या. दोघे हसले. काय बोलणे झाले ते भाऊंना कळले, कारण ते बोलण्यातले तेलुगू होते: मुलाचा आवडता विषय सोशल होता आणि त्याला मोठेपणी बस कंडक्टरपासून पायलटपर्यंत काहीही चालणार होते. घरी येईपर्यंत भाऊ स्कूटरवर एक अक्षर बोलले नाहीत.

पण माणूस हार मानणारा नव्हे. त्यांनी भिंतीवर दिनचर्येचा तक्ता लावला. हा तक्ता पाहायला मी मुद्दाम गेलो होतो. तो एक नव्हता, तीन होते: पहिल्या पाळीचा, दुसऱ्या पाळीचा आणि रात्रपाळीचा. भाऊंची पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून मुलाचा अभ्यासही त्याप्रमाणे फिरणार. बाप पहिल्या पाळीला असेल तर अभ्यास संध्याकाळी, दुसऱ्या पाळीला असेल तर पहाटे. रात्रपाळीच्या तक्त्यात मात्र दुपारभर एकच शब्द होता: 'शांतता'. बाबा झोपतात. चिरंजीव कुठल्याही सणापेक्षा रात्रपाळीच्या आठवड्याची जास्त वाट पाहतात. खालच्या ओळीत एफए-1, एफए-2, एसए-1 अशा परीक्षा लाल शाईने लिहिल्या होत्या, आणि त्याखाली सहीसाठी दोन रकाने: विद्यार्थी आणि सरदार.

राहिला तो नाजूक विषय. मुलाच्या ओठावर कोवळी लव आली होती आणि आवाज मधेच फाटत होता. मुलांशी मित्रासारखे वागा, असे कुणीतरी मोबाईलवर सांगितलेले भाऊंनी ऐकले. म्हणून एका रविवारी ते त्याला गांधारी वनात घेऊन गेले. दोघे बाकावर बसले. भाऊंनी घसा साफ केला. झाडांकडे पाहिले. म्हणाले, "पाह्य बाबू, आता तुझं वय असं आहे की..." आणि अडकले. मग ज्या विषयात गती आहे तो विषय धरला. हवा खेळती असावी. कुठे पोकळ वाटले तर तिथे पाऊल टाकू नये. एकट्याने आत जाऊ नये. गॅस दिसत नाही, पण असतो. हे अर्धा तास चालले. मुलगा सगळे ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा, हे बायोलॉजीच्या पुस्तकात आहे. किशोरावस्थेचा धडाच आहे. तुम्ही फिजिकल सायन्सच वाचलं ना?" आणि वर म्हणाला, "आईनं सांगितलं मला मागच्या वर्षी." भाऊंनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की शेजारच्या बाकावरचे लोक वळून पाहू लागले. मग त्यांनी मुलाला दोन आइस्क्रीम घेऊन दिली. माझ्या मते अख्ख्या तयारीतली कामाची गोष्ट तेवढीच झाली.

12 जूनला शाळा उघडली. गुरुवार होता, गजानन महाराजांचा वार, म्हणून भाऊ खुश. त्यांनी रजा टाकली होती. पहाटे उठून दप्तर तपासले, सायकलची हवा तपासली, ब्रेक दाबून पाहिले, डब्यात वहिनींनी दिलेल्या दोन पोळ्यांच्या तीन केल्या. शाळेत दुपारचे जेवण मिळते, हे मुलाने सांगून झाले होते. स्कूटर काढून, पँटला इस्त्री करून ते दाराशी उभे राहिले तेव्हा कॉलनीतल्या चार पोरांनी बाहेरून हाक मारली आणि चिरंजीव सायकलवर टांग टाकून निघूनही गेले. वळणावर एक हात वर केला. तो भाऊंना होता की रस्त्यातल्या म्हशीला, यावर घरात अजून मतभेद आहेत.

भाऊंनी स्कूटर आत घेतली आणि रजिस्टरमध्ये लिहिले: 'पहिला दिवस. वेळेवर प्रस्थान. सर्व सुरक्षित.' सही केली. दुपारी एका सहकाऱ्याचा फोन आला. त्याची मुलगी पुढच्या वर्षी आठवीत जाणार होती. भाऊ त्याच्याशी सव्वा तास बोलले.

तेव्हापासून भाऊंकडे माणसे येतात. बेल्लमपल्ली चौरस्त्यापासून येतात, मंदमरीहून येतात. भाऊ त्यांना जीओ सांगतात, दोन जिने सांगतात, तक्त्यांच्या झेरॉक्स देतात आणि एक पैसा घेत नाहीत. तुमचे मूलही यंदा हायस्कूलला जाणार असेल तर अवश्य भेटा. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते सकाळी घरी असतात. मुलाला मात्र सोबत नेऊ नका. भाऊंचे बोलणे संपेपर्यंत त्याची पहिली घंटा होऊन गेलेली असेल.