छर्रेबाज

सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यात कपाशी, तूर, मका यांच्याबरोबर आणखी एक पीक निघतं : छर्रेबाज. हा माणूस फौजेतून निवृत्त झालेला नाही, पोलीसपाटील नाही, शिकाऱ्याच्या घराण्यातलाही नाही. त्याच्याकडे नळी वाकवून भरायची हवेची बंदूक आहे, एवढीच त्याची पदवी. पोळ्याच्या आदल्या दिवशी लोक बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात, हा बंदुकीच्या दस्त्याला तेल चोळतो. बंदूक कशाला घेतली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "उंदरासाठी. आखं वावर पोखरलं ना भाऊ त्यायनं!" कारण खोटं नाही. उंदीर शेताचं नुकसान करतो आणि धान्य बिळात नेऊन साठवतोही. पण नवरदेवाच्या घोड्याचा प्रवासाशी जेवढा संबंध असतो, तेवढाच या बंदुकीचा उंदराशी असतो.

वेळापत्रकापासूनच पाहा. शेतातल्या उंदराची पाळी मुख्यतः रात्रीची, छर्रेबाजाची दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंतची. दोघांची गाठ पडलीच, तर ती उंदराच्या गैरशिस्तीमुळे. मग यंत्र. नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग दट्ट्यासह मागे दबते. नळीत एक छर्रा ठेवायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. दट्ट्या पुढे झेपावतो, हवा दाबली जाते, छर्रा सुटतो. दुसऱ्या छर्ऱ्यासाठी सगळी आरती पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात पहिला उंदीर बिळात जाऊन घरच्यांना हकिकत सांगून येतो. त्यात दट्ट्याचा धक्का आधी मागे, मग पुढे, असा दुहेरी बसतो. त्यामुळे स्वस्तातली दुर्बीण लवकरच हलते आणि चुकलेल्या प्रत्येक नेमाला एक सन्माननीय कारण मिळतं. "नेम बरोबर होता, दुर्बीण सरकली," या वाक्याला पारावर आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

"एक मेला तरी एक कमीच ना?" हा छर्रेबाजाचा पहिला आक्षेप. हिशेबाला तो बरोबर आहे, पण उंदराचा हिशेब वेगळा. मादी जेमतेम तीन आठवड्यांत अर्धा डझन किंवा त्याहून जास्त पिल्लं घालते, म्हणजे एका छर्ऱ्याची वजाबाकी एका बाळंतपणात भरून निघते. उंदीर हटतो तो कंटाळवाण्या कामांनी. संध्याकाळी बिळांची तोंडं बुजवायची, सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसतील ती राहती समजायची आणि औषध तिथेच टाकायचं. झिंक फॉस्फाइडच्या आमिषाआधी दोन-तीन दिवस बिनविषाचं धान्य ठेवायचं, कारण उंदीर नवा पदार्थ जपून चाखतो. बांधावर टी आकाराचे पक्षीथांबे रोवले, तर गव्हाणी घुबड रात्रपाळी विनापगार करतं. यातल्या एकाही कामात खांद्यावर काही टाकून गावातून चालत जायची सोय नाही. छर्रेबाजाची खरी अडचण तीच आहे.

दुसरा आक्षेप कायदेशीर. "परवाना लागत नाही, भाऊ!" हेही खरं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटर नळीची, २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची बंदूक परवान्यावाचून बाळगता येते. पण बंदूक बाळगायची मोकळीक म्हणजे काहीही मारायची मोकळीक नव्हे. उंदीर सापडत नाही म्हटल्यावर नळी हळूच तितराकडे, सशाकडे, मक्यावरच्या पोपटाकडे वळते, आणि या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. गंमत अशी की त्या कायद्यात शिकारीचा प्रयत्नही शिकारच धरला जातो. म्हणजे आमचा गडी नेम चुकूनही गुन्हेगार ठरतो, आणि तेवढा गुन्हा तो रोज करू शकतो. शिवाय तालुक्याच्या डोक्यावर अंबाबरवा अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथे परवानगीवाचून शस्त्र न्यायचीच बंदी आहे. वाघाच्या शेजाऱ्यानं उंदराचं निमित्त जरा जपून सांगावं.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. बंदुकीच्या ओढीनं तरी हा वावरात जातो, नाहीतर पारावरच बसला असता. हे मान्यच करायला हवं. जागली करणाऱ्या बापजाद्यांकडे गोफण होती, डबा होता, आरोळी होती. रोही आणि रानडुक्कर पळायचे ते शेतात माणूस जागा आहे हे कळल्यामुळे. ते काम आजही माणसाचं जागेपणच करतं. छर्रा डुकराला लागला तर ते चिडेल तेवढंच. म्हणजे बंदूक पीक राखत नाही, राखणदाराला जागं राखते. एवढं श्रेय तिला द्यावं, पण त्यासाठी ती भरायची गरज नाही.

आणि नेमाचीच हौस असेल, तर तिलाही मानाची जागा आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि आपल्या अंजली भागवत, सुमा शिरूर यांनी जगात नाव केलं ते त्याच ठिपक्यापुढे उभं राहून. छर्रेबाजानं मागे मातीचा उंच बांध बघून, आसपास पोरंढोरं नाहीत याची खात्री करून, दहा मीटरवर कागद लावावा. कागद पळत नाही, अंधारात येत नाही आणि त्याच्यावर कलमही लागत नाही. फक्त चुकलेला नेम त्यावर सगळ्यांना दिसतो.